आजोबांचे तीन पाइप : कारागिरी नेमकी कशावरून ओळखावी?

बंदरवाट

नमस्कार. माझे आजोबा जवळजवळ वीस वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिनखात्यात कामाला होते. रत्नागिरीच्या आमच्या जुन्या घरातील त्यांची पत्र्याची ट्रंक गेल्या महिन्यात उघडली, तेव्हा तिच्यात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले तंबाखूचे तीन पाइप निघाले. आमच्या घरात आता कोणीही तंबाखू ओढत नाही आणि हे पाइप वापरात आणावेत असाही माझा विचार नाही. परंतु ते हातात घेतल्यापासून अशी वस्तू घडते कशी आणि तिच्यातले चांगले-वाईट कसे पारखायचे, हा प्रश्न मला सोडत नाही.

पहिला पाइप सरळ दांडीचा, गुळगुळीत आणि गडद तांबूस आहे. त्यावर ‘लंडन मेड’ एवढेच शब्द ठोकलेले आहेत, कारखान्याचे नाव कोठेही नाही. दुसरा वाकडा असून त्याच्या दांडीच्या तोंडावर पांढऱ्या धातूची टोपी बसवलेली आहे. लाकडावर ‘पीटरसन्स सिस्टिम स्टँडर्ड’ आणि ‘मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ ही अक्षरे आहेत, तर धातूवर तीन बारीक चित्रे उमटवलेली आहेत, जी मला चांदीच्या शुद्धतेची खूण वाटतात. तिसऱ्यावर ‘स्टॅनवेल’ आणि ‘मेड इन डेन्मार्क’ असे आहे. हा आकाराने सर्वांत डौलदार, पण त्याचा पृष्ठभाग आमच्या भाट्याच्या किनाऱ्यावरील कातळासारखा खडबडीत आहे.

जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला हे तिन्ही दाखवले असता त्याने गुळगुळीत पाइप उत्तम ठरवला. खडबडीत पाइपाचे लाकूड मुळातच सदोष असते आणि दोष झाकण्यासाठी ते तसे केले जाते, असे त्याचे म्हणणे पडले. मला ते पटले नाही, पण खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नव्हती. येथे पाइपांचा संग्रह करणारे काही जाणकार आहेत, हे जुन्या चर्चांवरून मला ठाऊक आहे. विकण्याचा विचार नसल्यामुळे किंमत मला नको आहे. पाइपाची कारागिरी तुम्ही कशावरून ओळखता, आणि या तिघांपैकी अधिक चांगले घडवलेले कोणते, एवढेच कृपया सांगावे.

कानसकाम

मी हौसेने लाकूड कातणारा माणूस आहे आणि माझ्याकडे चाळीसएक पाइप आहेत, म्हणून कातारकामाच्या बाजूने लिहितो. पाइपाकडे पाहताना बहुतेक जण बाहेरच्या आकाराने आणि चकाकीने हुरळून जातात. माझ्या मते मात्र पाइप म्हणजे तीन भोके आणि त्यांच्याभोवती राखलेले लाकूड. तंबाखू भरण्याची उभी पोकळी हे पहिले भोक, तिच्या तळाशी येऊन मिळणारी बारीक धूरवाट हे दुसरे, आणि दांडीच्या टोकाशी मुखनळीचे कुसू, म्हणजे तिचे आत शिरणारे टोक, बसवण्यासाठी पाडलेली खाच हे तिसरे. ही तिन्ही एकमेकांशी किती इमानाने जुळली आहेत, यावरून कारागीर कळतो.

प्रथम पोकळीत उजेड पाडून पाहा. धूरवाट पोकळीच्या अगदी तळाशी आणि बरोबर मधोमध उघडली पाहिजे. ती तळापासून दोन-तीन मिलिमीटर वर उघडत असेल, तर तळाचा तंबाखू कधीच नीट जळत नाही आणि तेथे ओला चिखल साचतो. ती एका बाजूला सरकली असेल, तर एकीकडची भिंत अधिक तापते. साधारणपणे पोकळी १९ ते २० मिलिमीटर रुंद आणि धूरवाट साडेतीन ते चार मिलिमीटर असते, त्यामुळे एवढ्याशा जागेत गिरमिट अर्ध्या मिलिमीटरने चुकले तरी ते डोळ्यांना दिसते. सरळ दांडीच्या पाइपात हे साधणे त्या मानाने सोपे असते. वाकड्या पाइपात गिरमिट तिरपे धरून आतल्या आत नेमका तळ गाठावा लागतो, म्हणून वाकड्या पाइपाला कमी लेखणे मला पटत नाही.

दुसरी तपासणी सांध्याची. मुखनळी दांडीला जेथे मिळते, तेथे नख फिरवून पाहावे. चांगल्या कामात नख अडकत नाही. पुढे मुखनळी बाहेर काढावी, मात्र ती सरळ न ओढता हळूहळू पिळत काढावी, नाहीतर दांडी तडकण्याचा धोका असतो. कुसू खाचेच्या तळापर्यंत पोहोचत असेल तर उत्तम. आत मोकळी जागा राहिली, तर धुरातील ओलावा तेथे थिजतो आणि ओढताना गुळगुळ आवाज येतो.

तिसरी तपासणी ओठांपाशी. मुखनळीच्या टोकाचे भोक गोल न ठेवता आतून पंख्यासारखे पसरवलेले असले आणि दातांत धरायची जागा चार मिलिमीटरच्या आसपास पातळ असली, तर कोणीतरी त्यावर बारीक कानस घेऊन पुष्कळ वेळ बसले होते, असे खुशाल समजावे. घाऊक कामात या जागेवरच सर्वांत आधी वेळ वाचवला जातो.

शेवटी, मऊ तारेचा पाइप-क्लीनर टोकातून आत घालून तो न अडखळता पोकळीत निघतो का, ते पाहावे. हे सर्व तपासून येथे लिहाल का? त्यानंतरच मत देणे योग्य होईल.

जुने लाकूड

कानसकाम यांच्या म्हणण्यात खोट नाही, पण त्यांनी लाकडाला अगदीच दुय्यम स्थान दिले आहे. संग्राहक म्हणून मी लाकडापासून सुरुवात करतो, कारण भोक माणसाच्या हातात असते आणि लाकूड नसते.

हे लाकूड ब्रायरचे, म्हणजे भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या एरिका आर्बोरिआ या झुडपाच्या गाठीचे असते. खोड आणि मूळ यांच्यामध्ये जमिनीलगत ही गाठ धरते आणि पाइपासाठी उपयोगी पडण्याइतकी मोठी व्हायला तिला काही दशके लागतात. कॉर्सिका, कालाब्रिया, टस्कनी, ग्रीस आणि अल्जीरिया येथून ती खणून काढली जाते. ती ओली ठेवूनच करवतीने कापतात, तुकडे कित्येक तास पाण्यात उकळून आतील चीक व टॅनिन काढून टाकतात आणि मग महिनोन्‌महिने, उत्तम मालाच्या बाबतीत वर्षानुवर्षे, सावलीत वाळवतात. घाई केली तर ठोकळा तडकतो. गाठीच्या आतल्या भागातून निघालेल्या लहान ठोकळ्याला एबोशाँ म्हणतात, तर सालीलगतच्या मोठ्या तुकड्याला प्लॅटो. गाठीतील रेषा मध्यापासून सालीकडे किरणांसारख्या पसरलेल्या असल्यामुळे प्लॅटोमध्ये त्या सलग आणि सरळ मिळण्याचा संभव अधिक असतो. कारागिराने ठोकळा नेमका फिरवून धरला, तर बाऊलच्या, म्हणजे तंबाखू भरण्याच्या वाटीसारख्या भागाच्या, भिंतीवर उभ्या रेषा येतात, आणि त्याच रेषांची टोके वरच्या काठावर बारीक ठिपक्यांसारखी दिसतात. त्या ठिपक्यांना संग्राहक पक्ष्याचे डोळे म्हणतात.

गुळगुळीत पाइप मोलाचा का, याचे कारण येथे आहे. ब्रायर दगडमातीत वाढते आणि तिच्या पोटात वाळूचे खडे, पोकळ्या, काळे डाग असतात. ठोकळा कापताना ते दिसत नाहीत; आकार जवळजवळ पुरा झाल्यावर अचानक उघडे पडतात. चारही बाजूंनी डागरहित राहिलेला, उभ्या रेषांचा पाइप दुर्मीळ असतो, आणि तो मिळेपर्यंत कारागिराने किती ठोकळे बाजूला टाकले असतील, याची कल्पना असलेला माणूस त्याला मान देतो. तेव्हा तुमच्या व्यापाऱ्याचे म्हणणे अर्धे खरे आहे.

अर्धेच, कारण गुळगुळीतपणा नकलीही असू शकतो. लहान खड्डे लुकण भरून बुजवायचे आणि वरून गडद रंग चढवायचा, ही रीत स्वस्त मालात सर्रास चालते. तुमचा लंडनचा पाइप गडद तांबूस आहे असे तुम्ही लिहिले आहे. तो खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात हळूहळू फिरवा. लाकडाच्या रेषा मध्येच थांबून एखादा सपाट, रेषाहीन, किंचित फिका किंवा गुलाबीसर ठिपका दिसला, तर ते लुकण आहे. शिवाय रेषांची दिशा आणि बाऊलचा आकार यांचा काही मेळ आहे का, तेही पाहा. रेषा तिरप्या आणि आकार उभा असेल, तर ठोकळा यंत्रात जसा आला तसा लावला गेला, एवढेच त्यातून कळते.

आयरिश पाइपाबद्दल दोन गोष्टी आताच सांगता येतात. ‘रिपब्लिक’ हा शब्द असल्याने तो १९४९ नंतरचा आहे, कारण आयर्लंड औपचारिकरीत्या प्रजासत्ताक झाले ते त्या वर्षी. दुसरे म्हणजे, धातूवरील चित्रे जर तिपानी क्लोव्हरचे पान, बसलेला कुत्रा आणि गोल मनोरा अशी असतील, तर ती चांदीची खूण नव्हे. डब्लिनच्या खऱ्या चांदीवर मुकुटधारी हार्प हे तंतुवाद्य, बसलेली हायबर्निआ, म्हणजे आयर्लंडचे प्रतीक असलेली स्त्री, आणि वर्षाचे अक्षर असते. स्टँडर्ड प्रतीच्या सिस्टिम पाइपावर निकेलची टोपी असते. चांदीची टोपी त्याच्या वरच्या प्रतींना लावत. या तीन चित्रांनी भल्याभल्यांना चकवले आहे.

बंदरवाट

दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी बॅटरी, भिंग आणि पाइप-क्लीनर घेऊन बसलो. जे दिसले ते जसेच्या तसे लिहितो.

लंडनच्या पाइपात धूरवाट तळापासून सुमारे तीन मिलिमीटर वर आणि डावीकडे सरकलेली आहे. खिडकीशी फिरवून पाहिल्यावर काठाखाली दोन आणि दांडीवर एक असे तीन सपाट ठिपके सापडले, जे मी महिनाभर हाताळूनही मला दिसले नव्हते. मुखनळी थोडी उंच बसते आणि नख स्पष्टपणे अडकते.

डॅनिश पाइपात धूरवाट तळाच्या मध्यावर उघडते, क्लीनर सहज निघतो, सांधा डोळे मिटून बोट फिरवले तर कळतही नाही. खडबडीत पृष्ठभागावर बाऊलभोवती आडवे कंगोरे आहेत. एका बाजूला मी सत्तावीस मोजले.

आयरिश पाइपाने मात्र मला गोंधळात टाकले. चित्रे सांगितली तीच आहेत, म्हणजे टोपी निकेलची. पण क्लीनर आत जातो, दांडीत कोठेतरी खोलगट जागी अडकतो आणि पोकळीत निघत नाही. मुखनळीचे भोकही टोकाला नसून वरच्या अंगाला आहे. कानसकाम यांच्या कसोटीनुसार हा पाइप नापास म्हणायचा का?

उत्तरसमुद्र

मी गेली अकरा वर्षे कोपनहेगनमध्ये राहते आणि डॅनिश पाइप गोळा करते. आयरिश पाइपाचे उत्तर इतर देतीलच. मला त्या कंगोऱ्यांबद्दल लिहायचे आहे, कारण तुम्ही मोजले ते सत्तावीस कंगोरे म्हणजे त्या झुडपाच्या वाढीची वलये आहेत.

पाइपावर दाबाने वाळूचा किंवा काचेच्या कणांचा मारा केला, की वलयांमधले मऊ लाकूड झिजते आणि कठीण लाकूड उभे राहते. लंडनच्या आल्फ्रेड डनहिल यांनी या पद्धतीचे पेटंट १९१७ साली घेतले आणि तसल्या पाइपांना शेल हे नाव दिले. सुरुवातीच्या शेल पाइपांसाठी अल्जीरियाची मऊ ब्रायर वापरली जाई, त्यामुळे त्यांवरच्या घळी इतक्या खोल आहेत की आजचे संग्राहक त्यांच्यासाठी गुळगुळीत पाइप बाजूला सारतात. या प्रक्रियेने वरवरचे खड्डे नाहीसे होतात, हे खरेच आहे, आणि डागी ठोकळे त्यासाठी वापरले जातात हेही खरे. पण लाकडाच्या रेषा कारागिराने नीट धरल्या नसतील, तर ते ही प्रक्रिया निर्दयपणे उघडे पाडते. रेषा उभ्या असतील तरच वलये बाऊलभोवती आडवी, समांतर येतात. त्या तिरप्या असतील, तर कंगोरे एका बाजूला चढतात आणि दुसरीकडे विरून जातात. तुमचे सत्तावीस कंगोरे सर्व बाजूंनी आडवेच फिरत असतील, तर तुमचा पाइप गुळगुळीत राहिला असता तरी त्यावर उभ्या रेषा दिसल्या असत्या. लुकण आणि रंग मिळून जे लपवू शकतात, ते वाळूचा मारा लपवू शकत नाही. माझ्या लेखी म्हणूनच ही अधिक प्रामाणिक पृष्ठभूमी आहे.

आता डौलाबद्दल. इंग्रजी-फ्रेंच परंपरेत पाइपाचे आकार ठरलेले होते: बिलियर्ड, अ‍ॅपल, बुलडॉग, डब्लिन, कॅनेडियन, प्रिन्स अशी त्यांची नावे आजही चालतात. फ्रान्सच्या जुरा डोंगरातील सेंट-क्लोद या गावी लाकूड कातण्याचा धंदा आधीपासूनच होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे ब्रायरचे पाइप होऊ लागले आणि हे आकार तेथे आणि लंडनमध्ये घोटून घोटून पक्के झाले. त्या परंपरेत उत्तम कारागीर तो, ज्याचा शंभरावा बिलियर्ड पहिल्यासारखाच उतरतो. बाऊलची उंची आणि दांडीची लांबी यांचे प्रमाण जरा बिघडले, तरी जाणकाराला ते बेसूर वाटते. ही शिस्त मला कमी दर्जाची वाटत नाही. एका साध्या सरळ बिलियर्डमध्ये चूक लपवायला जागाच नसते.

डेन्मार्कमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सिक्सटेन इवारसन या जन्माने स्वीडिश असलेल्या कारागिराने हा क्रम उलटा केला. आधी भोके पाडून त्यांच्याभोवती आकार कातण्याऐवजी त्यांनी ठोकळ्यातील रेषांकडे पाहून आकार आधी घडवला आणि भोके नंतर पाडली. यामुळे आकाराला रेषांमागून जाण्याची मोकळीक मिळाली, पण भोक पाडण्याचे काम फार अवघड झाले, कारण जवळजवळ पूर्ण झालेल्या पाइपात गिरमिट चुकले तर सगळाच श्रम वाया जातो. त्यांचे पुत्र लार्स, पुढे नात नान्ना, तसेच येस कोनोविट्श यांनी ही वाट पुढे नेली. जपानच्या त्सुगे कंपनीतून आलेले हिरोयुकी तोकुतोमी हेही त्यांच्यापाशी शिकून गेले, आणि आज जपानी पाइपांत जी असमान पण तोल न सोडणारी वळणे दिसतात, त्यांचे एक मूळ कोपनहेगनच्या त्या कार्यशाळेत आहे.

तुमचा स्टॅनवेल मात्र हाताने घडवलेला एकुलता एक पाइप नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. हा कारखाना १९४२ मध्ये युद्धामुळे ब्रायर मिळत नसताना बीचच्या लाकडाचे पाइप करत सुरू झाला, आणि नंतर इवारसन आणि इतर कारागिरांनी हाताने बनवलेल्या नमुन्यांवरून यंत्रावर ते आकार उतरवू लागला. मग या पाइपाचा कारागीर कोण म्हणायचा? नमुना घडवणारा, की त्या नमुन्यावरून उतरलेल्या बाऊलसाठी ठोकळा निवडून तो नीट फिरवून यंत्रात धरणारा, की मुखनळीच्या टोकावर कानस चालवणारा? मला तरी असे वाटते की आकाराचे श्रेय पहिल्याचे आणि तुमच्या हातातल्या त्या एका पाइपाचे श्रेय उरलेल्या दोघांचे, ज्यांची नावे कोठेही लिहिली गेली नाहीत. बोरुप येथील तो कारखाना आता बंद झाला असून उत्पादन इटलीत गेले आहे, त्यामुळे ‘मेड इन डेन्मार्क’ या तीन शब्दांना संग्राहक जपतात.

मृण्मय

मी नेदरलँड्समध्ये असतो आणि माझा संग्रह मातीच्या पाइपांचा आहे, तरी एक गोष्ट जोडतो. गौडा गावात पाइपवाल्यांचा संघ १६६० मध्ये स्थापन झाला. तेथील पाइप दोन भागांच्या साच्यात दाबून घडवले जात, आणि दांडीतील भोक मात्र तारेने हातानेच पाडावे लागे. लांब, बारीक, ओल्या मातीच्या दांडीतून तार भिंत न फोडता बाऊलच्या तळाशी काढणे, हे तेथील खरे कौशल्य होते. उत्तम प्रतीचे पाइप भाजण्यापूर्वी अकीकाच्या दगडाने घोटले जात, त्यामुळे झिलई न देताही ते चमकतात. घोटल्याच्या बारीक समांतर रेघा आजही तिरप्या उजेडात दिसतात. साच्यातून निघालेल्या वस्तूतही हात ओळखता येतो, एवढेच मला उत्तरसमुद्र यांच्या शेवटच्या प्रश्नाला जोडून म्हणायचे आहे.

कानसकाम

बंदरवाट यांची आधी क्षमा मागतो. क्लीनरची कसोटी सांगताना सिस्टिम पाइप तिला अपवाद आहे, हे मी लिहायला हवे होते. तुमचा आयरिश पाइप नापास नाही. तो वेगळ्याच विचाराने रचलेला आहे.

चार्ल्स पीटरसन हे रीगाहून डब्लिनला आलेले कारागीर. तेथे काप बंधूंच्या दुकानात त्यांनी आपली कल्पना मांडली आणि १८९० मध्ये तिचे पेटंट झाले. नेहमीच्या पाइपात धूरवाट थेट मुखनळीला मिळते. सिस्टिममध्ये दांडीच्या पोटात धूरवाटेच्या पातळीखाली एक विहीर खोदलेली असते. धूर त्या विहिरीवरून जाताना त्यातील ओलावा खाली साचतो आणि कोरडा धूर पुढे जातो. तुमचा क्लीनर अडकतो तो त्या विहिरीत. जहाजाच्या इंजिनखात्यात काम करणाऱ्या माणसाला वाफेच्या नळीतील पाणी वेगळे काढणाऱ्या सापळ्यांची रोजची ओळख असते. तुमच्या आजोबांनी हा पाइप का निवडला असेल, याचा मी आपला एक तर्क करून ठेवला आहे.

वरच्या अंगाला असलेले भोक हेही त्यांच्याच १८९८ च्या एका पेटंटातले. त्याला पी-लिप म्हणतात. धुराचा झोत सरळ जिभेवर न आदळता टाळूकडे वळावा आणि जीभ भाजू नये, हा त्यामागचा हेतू. मुखनळीच्या आतली वाटही दांडीकडे रुंद आणि ओठांकडे निमुळती केलेली असते. धातूच्या टोपीलाही काम आहे: या पाइपात मुखनळी पाचरीसारखी दाबून बसवतात आणि पुन्हा पुन्हा काढतात, म्हणून दांडीचे तोंड चिरू नये यासाठी ती टोपी लाकूड आवळून धरते.

अशा पाइपाची पारख करायची ती त्याच्या स्वतःच्या नियमांनी. पोकळीतले धूरवाटेचे भोक तळाशी, मध्यावर आहे का. विहीर धूरवाटेच्या खाली पुरेशी खोल आहे का. विहिरीच्या तळाशी लाकूड जाड राहिले आहे का. आणि टोपी व लाकूड यांच्यात फट नाही ना. या चारही गोष्टी जमणे सोपे नाही, कारण येथे गिरमिटाला तीन वेगवेगळ्या कोनांतून एकाच लहानशा जागेत यायचे असते.

तुमच्या तीन पाइपांबद्दल तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. लंडनच्या नावाचा पाइप सर्वांत उणा आहे. त्यात लुकण आहे म्हणून मी तसे म्हणत नाही, तर त्याचे भोक चुकले आणि तरीही तो पुढे पाठवला गेला म्हणून. उरलेल्या दोघांत मी आयरिशला झुकते माप देईन.

जुने लाकूड

मी डॅनिश पाइपाला देईन, आणि हे लिहिताना माझे मलाच नवल वाटते, कारण माझ्या कपाटात खडबडीत पाइप अवघे चार आहेत. मात्र कंगोरे सर्व बाजूंनी आडवे आहेत का, ते बंदरवाट यांनी अजून सांगितलेले नाही. तसे असतील तर माझे मत पक्के समजावे.

जपणुकीबद्दल एक कळकळीची सूचना. काळी मुखनळी एबोनाइटची, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराची असते. ऊन आणि दमट हवा लागली की ती हिरवट-तपकिरी पडते, आणि कोकणात दोन्हींचा तोटा नाही. काचेच्या कपाटात उन्हासमोर ठेवू नका. आपल्याकडे जुन्या लाकडाला खोबरेल तेल चोळायची सवय असते. ते येथे अजिबात करू नका, कारण ते कालांतराने खवट होते आणि त्यावर धूळ धरते. बाऊलला कार्नोबा मेणाचा अगदी पातळ हात पुरतो. अक्षरे ठोकलेल्या जागी पॉलिश पेपर किंवा यंत्राची चकती चुकूनही लावू नका. तेथील कडा एकदा बोथट झाल्या की त्या परत येत नाहीत.

बंदरवाट

कंगोरे पुन्हा पाहिले. ते चारही बाजूंनी आडवे फिरतात. फक्त दांडीच्या बुडाशी थोडे वर चढतात. आयरिश पाइपाच्या विहिरीत काडीला कापूस गुंडाळून फिरवला, तर इतक्या वर्षांनंतरही तो काळाकुट्ट निघाला आणि खोलीभर जुन्या तंबाखूचा वास पसरला. आईने स्वयंपाकघरातून विचारले, ‘‘नाना आले की काय?’’

एक शेवटचा प्रश्न आहे. आयरिश पाइपाच्या मुखनळीवर वरून आणि खालून दातांचे खोल ठसे आहेत. ते काढता येतात का, आणि काढावेत का?

कानसकाम

काढता येतात. एबोनाइटला मूळ आकार आठवतो; मंद उष्णता दिली की दबलेला भाग हळूहळू वर येतो आणि उरलेला बारीक खळगा घासून सपाट करता येतो. विकायचा पाइप असता तर मी तेच करायला सांगितले असते. पी-लिपच्या बाबतीत मात्र त्या वरच्या भोकाची कड घासली जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

उत्तरसमुद्र

मी काढणार नाही. हिरवट थर अवश्य काढावा, कारण तो मुखनळी खात जातो. ठसे काहीही खात नाहीत. पाइप तोंडाच्या डाव्या बाजूला धरला जाई की उजव्या, हे त्या ठशांच्या तिरकेपणावरून कळते. तुमच्या घरात ते पाहून ओळखणारे कोणी अजून असेल, तर आधी त्यांना दाखवा.

बंदरवाट

आईला दाखवला. तिने तो हातात फिरवून पाहिला आणि सांगितले की नाना डाव्या बाजूला धरत, कारण उजवा हात नेहमी कशात ना कशात गुंतलेला असे. ठसे डावीकडेच झुकलेले आहेत. आयरिश पाइपाची मुखनळी मी फक्त मऊ फडक्याने पुसून ठेवली आहे. डॅनिशचा हिरवट थर पुढच्या आठवड्यात काढीन, आणि भोक चुकलेला लंडनचा पाइपही त्या दोघांशेजारीच ठेवीन, कारण लुकण कसे दिसते हे पुतण्याला दाखवायला घरात तो एकच आहे.